बियाचं तवसं

लग्न होऊन मी मुलुंडला आले तेव्हा भाजीबद्दल मला दोनच गोष्टी माहीत होत्या. ती पिशवीतून येते आणि ती निवडावी लागते. माहेर पार्ल्याचं. तिथे भाजीवाली दारात टोपली उतरवायची, आई दोन जुड्या परत करून तिसरी घ्यायची आणि भाजी हा विषय तिथेच संपायचा. कुंड्या दोनच. एक तुळशीची आणि एक कोरफडीची. कोरफडीला कोणी पाणी घालत नसे, तरी ती हट्टाने जगायची.

मुलुंड पूर्वेची आमची बिल्डिंग नवी होती. तळमजला धरून तीन मजले, बारा बिऱ्हाडं. मागे कंपाउंडची भिंत, तिच्यापलीकडे मोकळं रान आणि लांबवर मिठागरं. बिल्डिंग आणि भिंत यांच्यामध्ये एक लांब पट्टा होता. त्यात बिल्डर जाताना विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या आणि सिमेंटचे दगड झालेले गोळे ठेवून गेला होता. पहिल्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीतून हाच देखावा दिसायचा.

लग्नाला आठवडाही झाला नव्हता. सकाळी मी गॅलरीत केस विंचरत उभी होते, तर खालून ठण्ण ठण्ण आवाज यायला लागला. बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घातलेला, पन्नाशीचा, काटक माणूस त्या राडारोड्यात पहारीने खणत होता.

"काही हरवलंय का?" मी वरून विचारलं.

त्यांनी मान वर केली. "माती," ते म्हणाले आणि परत खणायला लागले.

हे तळमजल्यावरचे मामा. सगळी बिल्डिंग त्यांना मामा आणि त्यांच्या बायकोला मामी म्हणायची. मूळचे मालवणकडचे. पंचवीस वर्षं कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले. मग संप झाला, लांबला, आणि मामांच्या गिरणीचा भोंगा काही परत वाजला नाही. मुलगा बँकेत होता, ब्लॉक त्याचा, त्यामुळे घर चालत होतं. पण मामांना बसवेना. "पंचवीस वर्षं हे हात चाललेत," ते मला एकदा म्हणाले. "आता एकदम बसवले तर घरात भांडण काढतील."

म्हणून त्यांनी तो पट्टा उकरायला घेतला. महिनाभरात राडारोडा भिंतीला रचून झाला, त्याखालची काळी माती वर आली, आणि जवळच्या म्हशींच्या तबेल्यातून मामा डोक्यावर पाटी घेऊन शेण आणायला लागले. त्या वासाने सेक्रेटरी खाली उतरले.

आमचे सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर राहायचे. सरकारी कचेरीत हेडक्लार्क. त्यांच्या मनात एखादी गोष्ट आली की ती आधी फलकावर यायची आणि मग तोंडावर. दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या फलकावर वळणदार अक्षरात लागलं, 'सोसायटीच्या मोकळ्या जागेत शेती करण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून.' मामांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "शेती कुठे करतोय?" ते म्हणाले. "भाजी लावतोय."

तीन आठवड्यांनी पट्ट्यात लाल माठ उगवला. कोवळा, तांबडालाल, टवटवीत. मामींनी बारा जुड्या बांधल्या आणि बाराही दारांत दिल्या. सेक्रेटरींच्या दारात सगळ्यात मोठी. त्या दिवशी जिन्यात तळमजल्यापासून वरपर्यंत लसणाच्या फोडणीचा एकच वास होता. संध्याकाळी फलकावरचा कागद गेला आणि नवा आला, 'मागील बाजूची भाजी तोडण्याची वेळ सकाळी सात ते आठ.'

एवढं झाल्यावर बिल्डिंगला चव लागली. कोणी भेंडी सुचवली, कोणी पडवळ. घाटकोपरहून बिल्डिंगमध्ये राहायला आलेल्या दोन गुजराती बहिणींनी पापडी लावायला लावली. बी बहुतेक मामांच्या गावचं. मामींच्या ट्रंकेत चिंध्यांच्या पुरचुंड्या होत्या. कशात काय आहे ते मामी नुसत्या चाचपून सांगायच्या. त्यातलंच एक तवसं. तवसं म्हणजे कोकणातली मोठी काकडी. आपण सॅलडला चिरतो तसली बोटभर नव्हे, चांगली हातभर. मामांनी मांडव घातला. कोणाच्या तरी गच्चीवरचा मोडका अँटेना, एक जुनी खिडकीची जाळी आणि सुतळी. वेल त्या मांडवावर चढली, तिथून सुतळीला धरून वर निघाली आणि गणपतीच्या सुमारास तिने आमच्या गॅलरीच्या गजांना मिठी मारली.

मला फार आवडायची ती वेल. मी ऑफिसातून आले की चहाचा कप घेऊन तिच्याशेजारी उभी राहायची. एक तवसं तर आमच्या गजाला अगदी टेकून वाढत होतं. खालची सगळी तवशी भराभर निघाली, कोशिंबिरीत गेली, पण ह्याला कोणी हात लावला नाही. ते फुगत गेलं, हिरव्याचं पिवळं झालं, पिवळ्याचं तपकिरी. देठाला तांबड्या चिंधीची गाठ होती. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून बांधली असेल. आणि मामांचा हात इथवर पोचत नसणार, म्हणून ते बिचारं राहिलंय.

एका रविवारी घरात भाजी नव्हती. मी हात बाहेर काढला आणि सुरीने देठ कापला.

साल जाड निघाली, बिया टणक. साल, बिया, आतला बुळबुळीत गर, सगळं रविवारच्या पेपरात गुंडाळून डब्यात टाकलं. झाडूवाली दारातच होती, ती डबा रिकामा करून गेली. उरलेलं तवसं किसून मी थालीपीठं लावली. नवऱ्याने चार खाल्ली. मला इतकं कौतुक वाटलं स्वतःचं, की दोन थालीपीठं ताटलीत घालून, वर लोण्याचा गोळा ठेवून, मी खाली मामींकडे घेऊन गेले.

"मामी, घ्या. तुमच्याच मांडवाचं आहे."

मामींनी तुकडा मोडला, तोंडात टाकला. "बरा झाला हा गो," त्या म्हणाल्या. मग चावता चावता थांबल्या. "खयचा तवसा घातलंस?"

"आमच्या गॅलरीला टेकलेलं. ते पिवळं झालेलं."

"तांबडी चिंधी बांधलेला?"

"हो. दृष्टीची ना?"

मामींनी ताटली खाली ठेवली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अवो, ऐकलात? हिनी बियाचा तवसा खाल्ल्यान!"

मामा बाहेर आले. त्यांनी ताटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या ओरडण्याची वाट बघत होते. ते ओरडले नाहीत.

"गोड होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. जरा आंबट."

"आंबटच असणार. म्हातारं झालेलं ते," म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

मग मामींनी मला समजावलं. वेलीवरचं सगळ्यात चांगलं फळ ओळखायचं, शिडी लावावी लागली तरी त्याला चिंधी बांधायची आणि ते खायचं नाही. कितीही पाहुणे आले तरी नाही. ते पिकू द्यायचं, कारण त्याच्यात पुढचं वर्ष असतं. ट्रंकेतलं सगळं लावून झालं होतं. गावाकडून आणखी आलं असतं, पण ह्या पावसात गावच्या घराची कौलं फुटली, भिंतीला लावून ठेवलेलं सगळं बी भिजून कुजलं. त्यांच्या दिराने आता बाजारची पाकिटं आणली होती. मामांच्या आईच्या हातचं ते तवसं आता फक्त आमच्या गॅलरीच्या गजाला टेकलेलं होतं. आणि मी त्याची थालीपीठं लावली.

"मियाच तुका सांगूक होया होता," मामी म्हणाल्या. हे तर आणखीच वाईट. चूक माझी आणि वाईट त्यांना वाटत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मामा एकदम उठले. "बिया चावल्यात की काढल्यात?"

"काढल्या. पेपरात गुंडाळून टाकल्या. झाडूवाली घेऊन गेली."

"मग रडतेस काय? चल."

गल्लीच्या तोंडाशी महापालिकेची कचराकुंडी होती. पुढे मामा काठी घेऊन, मागे मी, माझ्यामागे मामी. आमची वरात बघून नवऱ्याने गॅलरीतून विचारलं, "काय झालं गं?"

"वाट लागली!" मी म्हणाले. "खाली ये."

तोही आला. ते ऐकून सेक्रेटरीही आले, छत्री घेऊन, कारण पाऊस नसला तरी ते छत्रीशिवाय कुठे जात नसत.

कुंडीपाशी एक बोकड पुढचे दोन पाय कठड्यावर ठेवून उभा होता. तोंडात पेपर. मी तो पेपर ओळखला. अर्धं सोडवलेलं शब्दकोडं होतं आणि अक्षर माझंच.

"तोच! तोच पेपर!" मी ओरडले.

नवऱ्याने बोकडाकडे निरखून पाहिलं. "आडवं सात तू चुकवलंयस," तो म्हणाला.

सेक्रेटरी छत्री पुढे करून सरसावले. "हट! सोसायटीची मालमत्ता आहे ती!" बोकडाला सोसायटीचे नियम ठाऊक नसावेत. तो पेपर घेऊन रस्त्याच्या मधोमध पळाला. मामी एका बाजूने, नवरा दुसऱ्या बाजूने. शेवटी सेक्रेटरींनी फाट्कन छत्री उघडली, त्या आवाजाने बोकड दचकला, त्याने उडी मारली, आणि पेपर फाटून गराचा लगदा बद्दकन रस्त्यावर पडला. साली घेऊन बोकड पसार झाला.

मामा उकिडवे बसले आणि बोटांनी एकेक बी वेचायला लागले. मी रविवारच्या नव्या साडीत त्यांच्यासमोर बसले. बघता बघता चार माणसं जमली.

"काय पडलं बाई? कानातलं?" एकाने विचारलं.

"बिया," मी म्हणाले.

"कसल्या?"

"काकडीच्या."

तो गृहस्थ नवऱ्याकडे सरकला. मग अगदी हळू आवाजात नवऱ्याला म्हणाला, "डॉक्टरला दाखवलंत का?"

अठरा बिया मिळाल्या. घरी येऊन मामांनी त्या एका वाटीत गरासकट तशाच ठेवल्या. दुसऱ्या दिवशी धुऊन पेलाभर पाण्यात टाकल्या. सात तरंगल्या, अकरा बुडाल्या. बिल्डिंगमधली निम्मी माणसं त्या पेल्याभोवती उभी होती. एकेक बी खाली गेली की सेक्रेटरी मोठ्याने आकडा म्हणायचे. तरंगलेल्या पोकळ, बुडालेल्या भरलेल्या, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर बुडणं चांगलं असतं असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

आता त्या वाळवायच्या. मामींची रीत अशी की बिया राखेत घोळायच्या, शेणाच्या छोट्या गोळीत दाबायच्या आणि गोळी भिंतीला थापायची. किडा लागत नाही, उंदीर पोचत नाही. पण मामींच्या भिंतींना ऑइलपेंट होता, त्यावर शेण धरेना. मामींनी वर येऊन आमच्या स्वयंपाकघराची भिंत हाताने चाचपली. नवं गुलाबी डिस्टेंपर होतं.

"झकास धरता हय," त्या म्हणाल्या.

माझ्याच ओट्याच्या वर, लग्नात मिळालेल्या घड्याळाशेजारी, शेणाच्या अकरा गोळ्या ओळीने बसल्या. नवरा ऑफिसातून आला, चहा घेता घेता त्याची नजर वर गेली आणि कप हवेतच थांबला. "हे किती दिवस?" त्याने विचारलं.

"पुढच्या पावसापर्यंत."

दिवाळीत माझी आई पार्ल्याहून आली. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि पदर नाकाला लावला. "अगं, घरात म्हैस पाळलीस की काय?" मी तिला सगळं सांगितलं. तिने ते गंभीरपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि थालीपीठं चांगली झाली होती का?" आईला माझ्या स्वयंपाकाची काळजी कायमच जास्त.

पाऊस थांबल्यावर पट्ट्याला पाणी कुठून आणायचं हा प्रश्न आला. नळाला पाणी सकाळी तासभर. मामांनी प्रत्येक घरी सांगितलं, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी मोरीत ओतू नका, बादलीत ठेवा. मग ती बादली वरूनच खाली ओतायची पद्धत पडली. दोनदा ते पाणी सेक्रेटरींच्या अंगावर पडलं. दुसऱ्यांदा अंगावर तुरीची डाळ चिकटलेली असताना त्यांनी तिथेच उभं राहून जाहीर केलं की ओतण्याआधी 'पाणी!' अशी आरोळी देणं बंधनकारक आहे. त्या पाण्यावर हिवाळ्यात वाल, मेथी आणि पापडी झाली.

पुढच्या जूनमध्ये मी स्वतः भिंतीवरच्या गोळ्या सोडवल्या. अकरापैकी पाच रुजल्या. दोन रोपं गोगलगायींनी खाल्ली, एक कोणाच्या तरी चपलेखाली गेलं. दोन वाचली. त्या दोन वेलींवर मी जेवढं लक्ष ठेवलं तेवढं पुढे पोटच्या मुलीवरही ठेवलं नसेल. ऑफिसला निघताना त्यांना सांगून जायची, आल्यावर आधी तिकडे जायची. मामा हसायचे. "बघून वाढत नाय ती. झोप जरा."

तवशी धरली तेव्हा मामांनी माझ्या हातात तांबडी चिंधी दिली. "तू बांध," म्हणाले. मी पाचदा फिरून एक निवडलं. मामा मान हलवत म्हणाले, "ते वाकडंय. वाकड्याचं बी वाकडंच देणार." मग सरळ, जाड, मधल्या फांदीवरचं दाखवलं. मी त्याला अशी गाठ मारली की ती सोडवायला पुढे सुरी लागली.

त्या वर्षी भरपूर बी निघालं. मामींनी ट्रंक उघडली, तेव्हा मामांनी त्यांचा हात धरला. "एका घरात नको," ते म्हणाले. "एक कौल फुटलं, एक सून थालीपीठं करायला बसली, की संपलं." सगळे हसले, मी सगळ्यात मोठ्याने. मग गच्चीवर बैठक बसली. तवशाचं बी चार घरांत. पापडी गुजराती बहिणींकडे. माठ आणि मुळा सेक्रेटरींकडे, कारण ते प्रत्येक पुडीवर तारीख घालणार हे नक्की होतं. औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन वाळवून बी भरलं. खोकल्याच्या बाटलीत भेंडी, डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीत माठ. नवरा एकदा सर्दीत खरोखरच भेंडीच्या बाटलीकडे गेला होता.

मी थोडं बी ऑफिसात नेलं. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडतात तसं बियांचं पुडकं उघडलं. माझ्या टेबलाशेजारी माहुलहून येणारी एक कोळी मैत्रीण बसायची. तिने दुसऱ्या दिवशी घरच्या परसातल्या वांग्याचं बी आणलं. "आमच्याकडे रिफायनरीच्या धुराड्यांच्या शेजारी पण येतं हे. तुझ्याकडे येईलच ना," ती म्हणाली. आलं. काटेरी देठाचं, छोटं, पण असं चवदार की मामींनी माशाच्या कालवणात घालून बघितलं आणि त्या मैत्रिणीला जेवायला बोलावलं. एक पुडी दुसऱ्या मैत्रिणीबरोबर दहिसरला गेली, एक पार्ल्याला. आईने तुळशीशेजारी तवसं लावलं आणि पहिल्या फळाला दोन चिंध्या बांधल्या. म्हणाली, तुझ्यावर विश्वास नाही.

तिसऱ्या वर्षी मामांना गावाहून पत्र आलं. भावाने लिहिलं होतं की पाकिटातलं बी एकदा येतं, दुसऱ्यांदा त्याचं बी धरलं तर फळ भलतंच लागतं, आईच्या तवशाचं बी तुमच्याकडे असेल तर पाठवा. मामांनी ते पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. मग सेक्रेटरींनी पाकीट तयार केलं. शिक्का, तारीख, 'काळजीपूर्वक हाताळणे.' मुलुंडहून मालवणला बी. मामी पाकिटावरून हात फिरवत म्हणाल्या, "मुंबयसून गावाक बियाणा धाडतलंव असा सपनात नाय इला होता."

त्यानंतर दोन वर्षांनी मामांनी गावी जायचं ठरवलं. मुलगा थांबा म्हणत होता, पण गावच्या घराची कौलं आता त्यांनाच बसवायची होती. जाताना त्यांनी पट्टा वाटून दिला. आम्हाला मांडवाकडचा भाग, गुजराती बहिणींना मधला. भिंतीकडचा कोपरा सेक्रेटरींनी स्वतः मागून घेतला. नोकरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. मामांसारखेच त्यांचेही हात आता भांडण काढायला लागले होते, असं त्यांच्या बायकोने मला जिन्यात सांगितलं.

सेक्रेटरींनी मुळा लावला. उगवला छान. पण त्यांना धीर नव्हता. रोज सकाळी ते एक मुळा हळूच उपटायचे, पट्टीने मोजायचे, वहीत लिहायचे आणि परत मातीत खोचायचे. मी गॅलरीतून बघायची. मुळे लाजून वाढायचेच थांबले. "असं करू नका हो," मी सांगितलं. "मग कळणार कसं?" ते म्हणाले. शेवटी त्यांना माहीत नसलेला एक मुळा वाचला. तो लाद्यांच्या ढिगाआड उगवला होता, त्यामुळे मोजणीतून सुटला. तो सापडला तेव्हा पेन्सिलीपेक्षा थोडा जाड आणि वीतभर लांब होता. सेक्रेटरींनी तो धुतला, पाटावर ठेवला, मोजून बारा चकत्या केल्या आणि ताटलीत मीठ घालून प्रत्येक दारात स्वतः घेऊन आले.

चकती कागदासारखी पातळ होती. मी तोंडात टाकली. इतकी तिखट की डोळ्यांतून पाणी आलं.

"कसाय?" त्यांनी विचारलं. चेहरा अगदी परीक्षेला बसलेल्यासारखा.

"फर्स्ट क्लास," मी डोळे पुसत म्हणाले, आणि ते खूश होऊन ताटली सांभाळत वरच्या मजल्याकडे निघाले.